वजनाचा घन आणि बळाचा वर्ग

गेल्या वर्षी कराड तालुक्यातील एका गावच्या यात्रेत मी भाच्याबरोबर कुस्तीच्या मैदानाला गेलो होतो. तेथे लागलेली एक जोड उघडच विजोड होती. हलका पैलवान चपळ होता. त्याने दोनदा पट काढण्याचा, म्हणजे पायाला हात घालून पाडण्याचा, प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो वरून आलेल्या वजनाखाली दबला. तिसऱ्या वेळी वरच्या पैलवानाने घिस्सा हा डाव भरला आणि कुस्ती निकाली झाली. परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, "मामा, बॉक्सिंगमध्ये सगळ्यांत वरच्या गटाला वजनाची मर्यादाच नसते. मग तिथे सगळ्यांत मोठा माणूसच कायम जिंकत असणार."

त्याची अर्धी माहिती बरोबर होती. व्यावसायिक मुष्टियुद्धात २०० पौंड, म्हणजे सुमारे ९०.७ किलो ओलांडले की ढोबळमानाने हेवीवेट गट सुरू होतो आणि त्याला वरचे टोक नसते. निष्कर्ष मात्र टिकत नाही. २१३ सेंटिमीटर उंचीचा रशियन निकोलाय वालुएव २००९ मध्ये १९१ सेंटिमीटरच्या डेव्हिड हेकडून गुणांवर हरला. २०११ मध्ये हेला १९८ सेंटिमीटरच्या व्लादिमीर क्लिचकोने हरवले, २०१५ मध्ये क्लिचकोला २०६ सेंटिमीटरच्या टायसन फ्युरीने आणि २०२४ मध्ये फ्युरीला, तेही एकाच वर्षात दोनदा, १९१ सेंटिमीटरच्या ओलेक्सांदर उसिकने. निव्वळ आकारावर निकाल लागत असता तर विजेत्याच्या उंचीचा हा आकडा वरवरच चढत गेला असता. प्रत्यक्षात तो उतरला, चढला आणि पुन्हा उतरला.

असे का होते याचे मूळ गॅलिलिओने १६३८ मध्येच हाडांच्या संदर्भात मांडलेल्या भूमितीत आहे. एखाद्या माणसाची प्रत्येक लांबी, रुंदी आणि जाडी दहा टक्क्यांनी वाढवली, तर त्याचे वजन घनाच्या प्रमाणात, म्हणजे १.३३ पट होते. स्नायूचे बळ मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणून ते वर्गाच्या प्रमाणात, १.२१ पट वाढते. बळ वाढले खरे, पण ते ज्या शरीराला हलवायचे ते त्याहून अधिक वाढले. भारोत्तोलनात हे स्पष्ट दिसते. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात नईम सुलेमानोग्लूने १९० किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक वजन 'क्लीन अँड जर्क' प्रकारात (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) उचलले. त्याच प्रकारातील लाशा तालाखाद्झेचा २०२१ मधील विक्रम २६७ किलोंचा आहे आणि त्याचे स्वतःचे वजन १८० किलोंच्या आसपास असते. शरीर तिप्पट, उचललेले वजन दीडपटही नाही. (त्या शरीरात चरबीचाही वाटा असतो, त्यामुळे ही तुलना भूमितीच्या मानाने थोडी कठोर आहे, हे मान्य केले पाहिजे.)

आता मला ज्या गणिताचे सर्वाधिक अप्रूप आहे तेथे येऊ. ठोसा म्हणजे सोयीसाठी खांद्याभोवती फिरणारा दांडा समजू. दांडा फिरवण्यास होणारा विरोध, ज्याला जडत्व आघूर्ण म्हणतात, तो वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग या प्रमाणात असतो. वस्तुमान स्वतःच लांबीच्या घनाबरोबर वाढत असल्याने हा विरोध लांबीच्या पाचव्या घाताने वाढतो: उंची १.१ पट, तर विरोध १.६१ पट. फिरवणारे आघूर्ण म्हणजे स्नायूचे बळ गुणिले त्याची तरफ. बळ वर्गाने आणि तरफ लांबीने वाढते, म्हणून ते केवळ घनाने, १.३३ पट वाढते. या दोहोंचा भागाकार केला की कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग वाढण्याचा दर) लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि तेवढ्याच कोनातून हात फिरण्यास लागणारा वेळ लांबीच्या सम प्रमाणात वाढतो. दहा टक्के उंच माणसाचा हात दहा टक्के उशिरा पोहोचतो. पण याच वेळात त्याची मूठ दहा टक्के अधिक अंतरही कापते. म्हणजे पोहोचतानाचा मुठीचा वेग लहान आणि मोठ्या माणसाचा सारखाच येतो! ज्या वाचकांचा घातांकांशी फारसा स्नेह नाही त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे: मोठ्या माणसाचा ठोसा अधिक वेगवान नसतो, अधिक वजनदार असतो, आणि तो उशिरा येतो. स्नायूंवरील संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या ए. व्ही. हिल यांनी प्राण्यांच्या धावण्याविषयी याच धाटणीचा युक्तिवाद केला होता.

कागदावरचे हे गणित प्रत्यक्षातही बऱ्यापैकी उतरते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या वजनगटांतील सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांनी उपकरणे बसवलेल्या पुतळ्याच्या चेहऱ्यावर ठोसे मारले. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर आणि सरासरी बल सुमारे ३,४०० न्यूटन भरले. वरच्या गटांत बल वाढले, पण ते मुख्यतः ठोशामागील प्रभावी वस्तुमानामुळे, वेगामुळे नव्हे.

वेळेचे मोल किती हेही पाहू. शून्यापासून ९ मीटर वेगापर्यंत जाणारी मूठ सरासरी साडेचार मीटर वेगाने ६० सेंटिमीटर अंतर सुमारे ०.१३ सेकंदात कापते. डोळ्याने पाहून शरीराने प्रतिसाद देण्यास साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे सुटलेला ठोसा पाहून कोणीच चुकवू शकत नाही. खांदा, कंबर आणि पाऊल यांची आधीची हालचाल वाचूनच तो चुकवावा लागतो. मोठ्या शरीराची हीच हालचाल दहा टक्के संथ असते. एका ठोशात हा फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा आहे आणि तो नगण्य वाटेल. पण पाऊल टाकणे, वळणे, सावरणे आणि पुन्हा पवित्र्यात येणे या सर्वांनाच तो लागू होतो, म्हणून मोठ्याच्या दहा हालचालींत लहान्याच्या अकरा होतात. डेव्हिड हेने वालुएवविरुद्ध बाराही फेऱ्या याच अकराव्या हालचालीवर काढल्या. त्यांच्या वजनातील फरक सुमारे ४५ किलोंचा होता.

यात्रेतील जोडीची गोष्ट वेगळी का, हेही आता सांगता येईल. कुस्तीत पकड सुटत नाही. वरच्या पैलवानाचे वजन खालच्याच्या अंगावर सतत आणि फुकट काम करीत राहते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत पदक मिळवले ते ५७ किलो गटात, म्हणजे आपल्याच वजनाच्या मल्लांशी लढून, हे विसरता कामा नये. मुष्टियुद्धात पंच मिठी सोडवतात आणि वजनाला केवळ मुठीच्या वाटेने बोलावे लागते. तेथे उंचीचा खरा लाभ लांब हाताचा आहे. क्लिचकोने आपल्या सरळ डाव्या ठोशाने वर्षानुवर्षे प्रतिस्पर्ध्यांना हाताच्या अंतरावर रोखून धरले; पण असे कौशल्य कमावलेला दोन मीटरचा माणूस विरळा. साताऱ्यात हल्ली व्यायामशाळांच्या आसपास उंची वाढवण्याच्या भुकट्यांच्या जाहिराती दिसतात, त्यांच्याविषयीही येथेच सांगतो: वयात आल्यानंतर लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या, की कोणतीही भुकटी उंची वाढवू शकत नाही. पैसे मात्र जातात.

राहिला प्रश्न ठोसा खाण्याचा. मोठा माणूस अधिक सोसतो असे आपण गृहीत धरतो आणि मानेच्या जाड स्नायूंमुळे त्यात काही तथ्यही आहे. परंतु हनुवटीवर बसलेल्या ठोशाने डोके झटकन फिरते आणि आतील मेंदू पिळवटला जातो, तेव्हा माणूस कोसळतो. आणि शरीर दीडपट झाले म्हणून डोके दीडपट होत नाही. साधारण पाच किलोंचे डोके इतक्या वेगाने फिरवण्यासाठी लागणारे बळ ८५ किलोंच्या निष्णात माणसाकडेही पुरेसे असते. त्यापुढील बळ बरेचसे वाया जाते. ४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील टोलेडो येथे सुमारे १११ किलोंचा तत्कालीन हेवीवेट जगज्जेता जेस विलार्ड पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पडला आणि चौथ्या फेरीसाठी उठलाच नाही. त्याच्यासमोर होता सुमारे ८५ किलोंचा जॅक डेम्प्सी, जो आजच्या नियमांनुसार हेवीवेट गटात मोडलाच नसता.