किरणोत्सारी समस्थानिके : नवी मुंबई परिसरातील उपयोग

एकाच मूलद्रव्याच्या अणूंमध्ये प्रोटॉनांची संख्या सारखी असते, पण न्यूट्रॉनांची कमीजास्त असू शकते. अशा अणूंना त्या मूलद्रव्याची समस्थानिके म्हणतात. यांतील काही अस्थिर असतात. त्यांच्या अणुकेंद्राचा आपोआप ऱ्हास होतो आणि त्यातून अल्फा किंवा बीटा कण व बहुतेक वेळा गॅमा किरण बाहेर पडतात. ही किरणोत्सारी समस्थानिके म्हटली की सामान्य वाचकाला अणुबॉम्ब किंवा अणुवीज आठवते. ठाणे खाडीच्या पूर्वेला, वाशी-तुर्भे-खारघर-बेलापूर या पट्ट्यात मात्र ती मसाला, आंबा, रक्ताची पिशवी, पाइपचा जोड आणि थायरॉइडची गोळी अशा रोजच्या गोष्टींशी जोडलेली आहेत.

अर्धायुष्य

कोणते समस्थानिक कुठे वापरायचे, हे मुख्यतः त्याच्या अर्धायुष्यावरून ठरते. नमुन्यातील निम्म्या अणूंचा ऱ्हास व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. तापवून, गोठवून किंवा रसायनांत बुडवून त्यात व्यवहारात काही फरक पाडता येत नाही. फ्लुओरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे, टेक्नेशियम-९९एम चे ६ तास, आयोडीन-१३१ चे ८ दिवस, इरिडियम-१९२ चे ७४ दिवस, कोबाल्ट-६० चे ५.२७ वर्षे, सिझियम-१३७ चे ३० वर्षे आणि थोरियम-२३२ चे सुमारे १,४०० कोटी वर्षे. पहिल्या दोघांचा वापर करणाऱ्याला घड्याळाशी शर्यत लावावी लागते, तर शेवटच्याला विश्वाच्या वयाएवढी सवड आहे. खरेदी, वाहतूक, साठवण आणि शेवटी विल्हेवाट, या धंद्याची सारी गणिते या आकड्यांवर बसवलेली असतात.

उत्पादन

खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक. ती ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. ‘सायरस’ १९६० पासून २०१० च्या अखेरपर्यंत चालली आणि ‘ध्रुव’ १९८५ मध्ये आली. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून साध्या मूलद्रव्याचे किरणोत्सारी समस्थानिक बनवता येते. कोबाल्ट-६० साठी मात्र राजस्थानातील रावतभाट्यासारख्या वीज देणाऱ्या भट्ट्या वापरतात, कारण निसर्गातील कोबाल्ट-५९ ला एकेक न्यूट्रॉन शोषायला लावायचा तर नमुना दीर्घकाळ भट्टीत ठेवावा लागतो.

तयार माल रुग्णालयांपर्यंत आणि कारखान्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी अणुऊर्जा विभागाने १९८९ मध्ये ‘बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी’, म्हणजे ब्रिट, स्थापन केले. त्याचे मुख्यालय वाशीला आहे. भट्टी खाडीच्या एका काठाला आणि वितरण दुसऱ्या काठाला अशी ही मांडणी आहे. देशभर जाणारी किरणोत्सारी औषधे विमानाने पाठवावी लागतात, त्यामुळे मुंबईचा विमानतळ जवळ असणे ही येथे मोठी सोय ठरते.

मसाला आणि हापूस

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात मसाल्याचा स्वतंत्र बाजार आहे. मिरची, हळद, धणे, मिरी हा माल शेतात जमिनीवर वाळवला जातो, त्यामुळे त्यात जंतू आणि बुरशीचे बीजाणू असणे स्वाभाविक आहे. वाफ दिली तर तेलाचा वास उडतो. इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी स्वस्त पडते, पण अन्नासाठी तिच्यावर युरोपात बंदी आहे. गॅमा किरणांनी माल तापत नाही, आणि बंद खोक्यातल्या बंद पुडीच्या आतपर्यंत ते पोहोचतात. म्हणून वाशीला २००० साली ब्रिटचा विकिरण, म्हणजे मालावर किरण सोडण्याचा, प्रकल्प सुरू झाला. मसाल्यांना ६ ते १४ किलोग्रे इतकी मात्रा दिली जाते (ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या किरण-ऊर्जेचे एकक). याच प्रकल्पात आयुर्वेदिक चूर्णांचा कच्चा माल येतो आणि कुत्र्यांच्या खाद्याचीही खोकी येतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

यंत्रणा दिसायला साधी आहे. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत खोल पाण्याची टाकी असते आणि तिच्या तळाशी कोबाल्टच्या कांड्यांची चौकट. काम नसेल तेव्हा पाणीच संरक्षण देते. त्या वेळी वरून पाहिले तर कांड्यांभोवती निळा उजेड दिसतो, याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. काम सुरू करताना चौकट वर उचलली जाते आणि सरकत्या साखळीवरून खोकी तिच्याभोवती फिरतात. कोबाल्ट दर महिन्याला साधारण १ टक्का क्षीण होतो, म्हणून तीच मात्रा द्यायला साखळीचा वेग हळूहळू कमी करावा लागतो आणि काही काळाने नव्या कांड्यांची भर घालावी लागते. खोक्यावरची रंग बदलणारी चकती फक्त ‘हे खोके आत जाऊन आले’ एवढेच सांगते. किती मात्रा मिळाली ते डोसिमीटरने मोजतात.

अशा प्रक्रियेने अन्न किरणोत्सारी होते का, हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. होत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अन्नातल्या अणूंची केंद्रे अस्थिर करायला ती पुरेशी नसते. मालाचा कोबाल्टशी स्पर्शही होत नाही. पाकिटावर हिरवी विकिरण-खूण आणि तसा मजकूर छापणे बंधनकारक आहे. त्या खुणेला घाबरून पुडी परत ठेवणारे ग्राहक आहेत. मोकळ्या पोत्यातल्या मिरचीपूडबद्दल तेवढी चौकशी केली तर आरोग्याचे जास्त भले होईल.

आंब्याची गोष्ट जरा वेगळी आहे. येथे जंतू मारायचे नसून किडीचा वंश थांबवायचा असतो. फळमाशी गरात असते, पण आंब्याचा भुंगा थेट कोयीत लपतो आणि गरम पाण्याची प्रक्रिया तेथवर पोहोचत नाही. या किडींच्या भीतीने अमेरिकेने भारतीय आंबा दीर्घकाळ बाहेर ठेवला होता. २००७ मध्ये किमान ४०० ग्रे विकिरणाच्या अटीवर दार उघडले, आणि पहिल्या खेपांवर नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात प्रक्रिया झाली. पुढे राज्य कृषी पणन मंडळाने वाशीलाच विकिरण सुविधा उभारली, त्यामुळे कोकणातून आलेल्या हापूसला घाट चढून परत उतरण्याचा फेरा उरला नाही.

या मात्रेने कीड लगेच मरेलच असे नाही. ती पुढची पिढी देऊ शकत नाही, एवढीच खात्री असते. त्यामुळे अमेरिकेत पेटी उघडल्यावर जिवंत अळी सापडली तरी ती निरुपद्रवी असू शकते, आणि नुसते फळ पाहून प्रक्रिया झाली की नाही हे ओळखता येत नाही. पुरावा फक्त मात्रेच्या नोंदीचा आणि अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या सहीचा. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा कागदपत्रांतल्या त्रुटीवरून अमेरिकेने नाकारल्या. परत आणण्याचा खर्च परवडणारा नसल्याने त्या तेथेच नष्ट करण्यात आल्या. किरणांनी आपले काम केले असले तरी कागदावर ते सिद्ध झाले नाही.

बाजार समितीतील कांदा-बटाट्यालाही विकिरण लागू पडते. अगदी कमी मात्रेने, ०.२ किलोग्रेच्या आत, कोंब येणे थांबते. पण कांद्यासारख्या स्वस्त, जड मालाला वाहतूक आणि विकिरण दोन्हींचा खर्च झेपत नाही, म्हणून ही पद्धत कागदावर जितकी आकर्षक आहे तितकी बाजारात रुजलेली नाही.

रुग्णालये

आण्विक वैद्यकात सर्वांत जास्त वापरले जाणारे टेक्नेशियम-९९एम ६ तासांत निम्मे होते, त्यामुळे ते साठवता येत नाही. त्यावर तोडगा म्हणून त्याचे जनक मॉलिब्डेनम-९९ (अर्धायुष्य ६६ तास) शिशाच्या जाड आवरणातील नळीत भरून रुग्णालयाला पाठवतात. त्यात टेक्नेशियम सतत तयार होत राहते. रोज सकाळी मिठाचे पाणी सोडून ते धुऊन काढायचे. या क्रियेला तंत्रज्ञ ‘मिल्किंग’ म्हणतात, आणि नळीलाही गमतीने गाय म्हटले जाते. ही गाय साधारण आठवडाभर दूध देते. हाडे, हृदय, मूत्रपिंड यांचे स्कॅन त्यावर होतात. टेक्नेशियम हे प्रयोगशाळेत बनवलेले पहिले मूलद्रव्य. त्याचा शोध १९३७ मध्ये इटलीत पालेर्मो येथे लागला.

पेट (पीईटी) स्कॅनच्या फ्लुओरीन-१८ ला तेवढीही सवड नसते. ते सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे विद्युतभारित कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, बनते. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळला सुरू झाला. निघालेली कुपी वाहतुकीत दोन तास अडकली तर निम्म्याहून अधिक माल वाटेतच संपलेला असतो.

आयोडीन-१३१ थायरॉइडच्या रुग्णाला पाण्यासारख्या द्रावणात किंवा कॅप्सूलमध्ये देतात. ग्रंथी आयोडीन स्वतःच ओढून घेते आणि उपचार नेमक्या जागी पोहोचतो. कर्करोगासाठी मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. त्या खोलीतील संडासाचे पाणीही थेट गटारात जात नाही. ते टाक्यांत अडवून ठेवतात. दहा अर्धायुष्ये, म्हणजे ८० दिवस, गेल्यावर हजारातला एक भाग उरतो.

खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोगावर उपचार व संशोधन करणारी संस्था आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट-६० चे उपचारयंत्र पहिल्यांदा तेथेच बसले. आता मोठ्या शहरांत कोबाल्टची जागा रेखीय त्वरकांनी, म्हणजे विजेवर किरण निर्माण करणाऱ्या यंत्रांनी, घेतली आहे, पण वीज अनियमित असलेल्या गावी कोबाल्टचे यंत्र अजून उपयोगी पडते. काही रक्तपेढ्यांमध्ये सिझियम-१३७ असते. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला द्यायच्या रक्तावर किमान २५ ग्रे मात्रा देऊन त्यातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी निष्क्रिय करतात. हे सिझियम अणुभट्टीच्या जळलेल्या इंधनाच्या कचऱ्यातून वेगळे करून काचेत बंदिस्त केलेले असते.

ठाणे-बेलापूर पट्टा

येथील रासायनिक कारखान्यांत पाइप, बॉयलर, टाक्या यांच्या वेल्डिंगची तपासणी इरिडियम-१९२ ने होते. कामगार याला ‘आरटी’ (रेडिओग्राफिक टेस्टिंग) किंवा नुसते ‘शूटिंग’ म्हणतात आणि उपकरणाला कॅमेरा. जोडाच्या एका बाजूला फिल्म लावायची, लांबून हँडल फिरवून स्रोत नळीतून पुढे सरकवायचा आणि ठरलेल्या वेळाने परत ओढून घ्यायचा. आत पोकळी किंवा भेग असेल तर फिल्मवर काळा डाग उठतो. काम बहुधा रात्री चालते, कारण तेव्हा आवार रिकामे असते. दोरी बांधून, किरणोत्साराच्या त्रिदल चिन्हाची पाटी लावून बाकीच्यांना दूर ठेवतात. अंतर दुप्पट केले की मात्रा एक-चतुर्थांश होते, म्हणून दोरी हेच सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. अनेक कॅमेऱ्यांत कवच म्हणून शिशाऐवजी त्याहून जड असे क्षीण (डिप्लीटेड) युरेनियम असते. म्हणजे एका किरणोत्सारी पदार्थाला दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचे कवच.

७४ दिवसांचे अर्धायुष्य म्हणजे पाच महिन्यांत स्रोत पाव उरतो आणि त्याच फिल्मला चौपट वेळ लागतो. ठेकेदार जुना स्रोत ताणत राहिला तर कामावरच्या मुलांना रात्री जास्त जागावे लागते. प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेली मात्रा नोंदवणारा बिल्ला, असावा असा नियम आहे आणि ठरावीक काळाने तो मोजणीसाठी पाठवतात.

याखेरीज बंद टाकीतील पातळी बाहेरून मोजायला सिझियम-१३७ आणि कागद किंवा प्लॅस्टिकच्या पातळ थराची जाडी मोजायला क्रिप्टॉन-८५ वापरतात.

घरातील आणि जमिनीतील

पेट्रोमॅक्सच्या बत्तीची जाळी थोरियम ऑक्साइडची असे, त्यात सुमारे १ टक्का सेरियम. ही युक्ती ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची. ट्रॉम्बेला १९५५ मध्ये थोरियमचा कारखाना सुरू झाला तेव्हा त्याचे एक काम या जाळ्यांसाठी थोरियम नायट्रेट पुरवणे हे होते. वरातीत डोक्यावर मिरवलेल्या त्या बत्त्यांच्या उजेडाचे मूळ केरळच्या थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूत होते. जुन्या कार्यालयांच्या छतावरील काही धूरसूचकांत अमेरिशियम-२४१ चा बारीक कण असतो. त्याचे अल्फा कण कागदानेही अडतात, त्यामुळे तो छतावर असेपर्यंत काही होत नाही. प्रश्न उपकरण फोडून भंगारात टाकल्यावर येतो.

पोटॅशियममध्ये ०.०१२ टक्के पोटॅशियम-४० असते. एका केळ्यात दर सेकंदाला दहा-पंधरा अणूंचा ऱ्हास होतो, आणि प्रौढ माणसाच्या शरीरात चार हजारांहून अधिक अणूंचा. याच पोटॅशियम-४० चे सुमारे ११ टक्के अणू आर्गॉन वायूत बदलतात आणि तो खडकात अडकून राहतो. त्यावरून दख्खनच्या बेसॉल्टचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरवले गेले. जिच्यातून जाणारा रेल्वेचा बोगदा १९१६ मध्ये खुला झाला ती पारसिकची टेकडी याच बेसॉल्टची. ग्रॅनाइटच्या मानाने या खडकात युरेनियम-थोरियम कमी असते, त्यामुळे येथील नैसर्गिक किरणोत्सार केरळच्या किनाऱ्यापेक्षा बराच कमी आहे.

भंगार

खरा धोका चालू असलेल्या प्रकल्पांपेक्षा विस्मरणात गेलेल्या स्रोतांचा असतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठातून विकल्या गेलेल्या जुन्या यंत्रातील कोबाल्ट-६० उघडे पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले होते. बटणांचे पोलाद भारतातून गेले होते. भट्टीत स्रोत वितळला की तो पोलादात मिसळतो आणि मग वेगळा काढता येत नाही. कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याचे पोलाद कारखाने आणि न्हावा-शेवाचे बंदर एकमेकांपासून फार दूर नसल्याने हा विषय येथे दूरचा राहत नाही. आयात भंगारासोबत ते किरणोत्सारमुक्त असल्याचे प्रमाणपत्र लागते. देशातील प्रत्येक स्रोताला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे कार्यालय अणुशक्तीनगरला आहे. काम संपलेला स्रोत पुरवठादाराकडे किंवा मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्राकडे परत पाठवण्याची जबाबदारी परवानाधारकाची असते. कारखाना बंद पडला किंवा विकला गेला तरी तिची नोंद नव्या मालकाकडे जावी लागते.