दोनशेपैकी २१४ : नॉर्मलायझेशन आले कुठून?

नोकरीसाठी माणूस शास्त्रीय पद्धतीने मोजायचा खटाटोप शंभर वर्षांहून जुना. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांवर सैनिकांची बुद्धिचाचणी घेतली. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की एखाद्या समाजाला वगळणारी चाचणी लावायची तर तिचा कामाशी संबंध मालकाने दाखवावा. आपल्याकडे त्या संबंधावर फारसे कुणी भांडले नाही. आपले भांडण शिफ्टवरून.

भरती ऑनलाइन झाली, उमेदवार लाखांत आणि संगणक मोजके. २०२३ ची तलाठी भरती १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर अशी ५७ शिफ्टमध्ये झाली, प्रत्येक शिफ्टला वेगळा पेपर. कुणाचा हलका गेला, कुणाचा जड. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली, तर एका उमेदवाराला २०० पैकी २१४! अभ्यासिकांमधून पहिला शब्द निघाला तो ‘घोटाळा’.

इथे घोळ निम्मा शब्दाचा आहे. कागदोपत्री ‘सामान्यीकरण’, बोलताना नॉर्मलायझेशन. ऐकणाऱ्याला दोन्हींतून वाटते की कुणाला तरी वरून गुण वाटले. प्रत्यक्षात एका शिफ्टचे गुण सगळ्यांच्या समाईक मापात बदलून घेतले जातात. समजा, जड शिफ्टची सरासरी ९० आणि समाईक सरासरी ११०. गुणांची पसरण सारखी धरली, तर त्या शिफ्टच्या प्रत्येकाला साधारण २० गुण चढतात. ज्याने मुळातच १९४ मिळवले, तो २१४ वर पोहोचतो. पेपर दोनशेचा आहे हे सूत्राला ठाऊकच नसते. म्हणजे आकडा विचित्र, पण तेवढ्याने खोटा ठरत नाही. हे यादीसोबत चार ओळींत सांगता आले असते.

खरी शंका वेगळी, आणि ती रास्त आहे. प्रत्येक शिफ्टमधली पोरे सरासरीने सारख्याच तयारीची, हे सूत्र गृहीत धरते. एखाद्या शिफ्टला खरोखरच कच्चे उमेदवार जास्त आले, तरी सूत्राच्या लेखी तो पेपर जड.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला ‘वेगवेगळ्या शिफ्ट आणि नॉर्मलायझेशन नको’ म्हणत उमेदवार रस्त्यावर बसले आणि उत्तर प्रदेशच्या राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घ्यायचे ठरले. २०२५ मध्ये केंद्राच्या कर्मचारी भरतीत सरासरीऐवजी पर्सेंटाइलवर, म्हणजे आपल्या शिफ्टमधले किती टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत यावर, आधारलेली पद्धत आली. तीत दोनशेच्या वर आकडा जायची सोय नाही. शिफ्टबद्दलचे ते गृहीतक मात्र तसेच आहे.