रंकाळ्यावरच्या धोब्याचं पंचांग

दिवाळी आटोपली की कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर शेपटी वरखाली हलवत पांढरा धोबी पक्षी दिसू लागतो. बारमाही इथेच राहणारा कवड्या धोबी वेगळा. तो अंगाने थोराड. हा पाहुणा हिमालय, मध्य आशिया, सैबेरिया अशा थंड मुलखांतून येतो.

परतायची वेळ त्याला कळते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. कोल्हापुरात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक. पण वाढता उजेड पाखराच्या मेंदूला जाणवतो, संप्रेरकं बदलतात, प्रवासासाठी अंगावर चरबी चढते. हे पंचांग सूर्यावर चालतं आणि पृथ्वी तापली म्हणून सूर्योदय काही लवकर होत नाही. तिकडे बर्फ आधी वितळून किडे निघाले, तरी इथल्या पाखराला त्याचा पत्ता नसतो.

पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून नेदरलँड्समध्ये घरटं करणाऱ्या कबऱ्या माशीमाराची अशीच गाठ चुकली. ओकच्या झाडांवर अळ्या लवकर होऊ लागल्या. त्याने पोचल्यावर अंडी घालायची घाई केली, पण पोचायलाच उशीर! अळ्यांचा हंगाम जिथे सर्वांत आधी उरकत होता, तिथे हे पक्षी दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटले.

तरी बदल होतो, पिढ्यांमधून. मध्य युरोपातला काळ्या टोपीचा एक वटवट्या हिवाळ्यात स्पेनकडे जायचा. १९६०च्या दशकापासून त्यातले काही ब्रिटनकडे वळू लागले. पिंजऱ्यात वाढवलेल्या त्यांच्या पिल्लांनीही तीच दिशा धरली, म्हणजे वाट रक्तातून आलेली होती.

शरीरंही बदलताहेत. शिकागोत इमारतींवर आपटून मेलेले ५२ जातींचे ७०,७१६ पक्षी १९७८ ते २०१६ या काळात गोळा करून मोजले गेले. पायाचं हाड २.४ टक्क्यांनी आखूड झालं होतं, पंख १.३ टक्क्यांनी लांबले होते. लहान अंग उष्णता लवकर सोडतं आणि लांब पंख दूरचा पल्ला सोपा करतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पण लहान होण्याला मी सरसकट जुळवून घेणं म्हणणार नाही. सैबेरियात बर्फ लवकर वितळलेल्या वर्षी वाढलेली रेड नॉट पक्ष्याची पिल्लं अंगाने लहान, चोचीने आखूड निघतात. आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर वाळूत खोल दडलेल्या शिंपल्यांपर्यंत ती चोच पोचत नाही आणि अशी पिल्लं जास्त मरतात. उन्हाची झळ उत्तरेत, उपासमार हजारो किलोमीटर दक्षिणेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कळंबा तलावाच्या काठी धोब्याच्या गळ्याखालचा काळा पट्टा ठळक होऊ लागतो. त्याची निघायची तयारी सुरू झालेली असते.