वाळवंटातील पॅशन फ्रूट

पॅशन फ्रूट ऊर्फ कृष्णफळ ही मूळची दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनातली वेल. आपल्या अंगणातल्या कृष्णकमळाचीच ही बहीण. फुलात तीच तंतूंची झालर, तिला आपल्याकडे कौरव म्हणतात, आणि तेच पाच पांडव म्हणजे पुंकेसर. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, सोनोरन वाळवंटात वसलेल्या फिनिक्स शहरातले हौशी बागकाम करणारे ही वेल परसात लावतात. २०२३ च्या उन्हाळ्यात याच शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर होता.

पाणी घातले की वेल जगते. अडते ते फळ धरण्यावर. भर उन्हाळ्यात कळ्या गळतात, बहर वसंतात येतो आणि पुन्हा ऊन उतरल्यावर. म्हणून जागेची निवड खतापाण्याहून महत्त्वाची. पश्चिमेचे ऊन खाणारी भिंत रात्रीही धग सोडत राहते, तिच्याजवळ वेल लावूच नये. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी पूर्वेची बाजू उत्तम. बुंध्याशी जाड आच्छादन हवेच, कारण मुळे वरच्या थरातच पसरतात.

तिथली माती चुनखडीची, खाली बऱ्याचदा दगडासारखा कडक थर. पाणी त्यावर साचले तर मुळे कुजतात, म्हणून खड्डा खणताना तो फोडावा लागतो. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की लोह कमी पडले असे समजावे. अशा मातीत साधे हिराकस (फेरस सल्फेट) फारसे लागू पडत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना शोषता येईल अशा रूपातले लोह द्यावे.

पिवळ्या जातीला उष्णता अधिक मानवते, पण तिचे फूल दुपारच्या सुमारास उमलते आणि त्याला दुसऱ्या वेलीचे पराग लागतात. जांभळ्या जातीचे फूल सकाळी उमलते, बहुधा स्वतःच्याच परागांवर फळते आणि हलके दहिवरही (गोठलेले दव) सोसते. एकच वेल लावायची असेल तर जांभळीच घ्यावी. मोठे काळे भुंगे परागीभवन उत्तम करतात. ते फिरकत नसतील तर ब्रशने पराग उचलून फुलाच्या मधल्या तिन्ही कुक्षींना, म्हणजे पराग घेणाऱ्या टोकांना लावतात.

गल्फ फ्रिटिलरी या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या पाने फस्त करतात. त्यांचे काळे काटे भीतिदायक दिसतात, पण टोचत नाहीत. हाताने वेचता येतात.

फळ ७० ते ८० दिवसांत पिकते आणि आपसूक गळते. ते तोडू नये, खाली पडलेले वेचावे. सालीवर सुरकुत्या पडल्या की गर गोड लागतो.