अर्धसरळ केस पूर्ण सरळ करणे

रसायनाने सरळ करताना ज्या केसांत मुद्दाम किंवा चुकून थोडे वळण राहते, ते अर्धसरळ केस. ते वळण दुसऱ्या वेळी घालवण्याची ही प्रक्रिया केशोपचारांतली जोखमीची मानली जाते, कारण एकदा रसायन सोसलेल्या केसावरच ते पुन्हा लावायचे असते.

गोव्यात ‘रिलॅक्सर’ (केस सरळ करणारे रसायन) हा शब्द क्वचितच कानावर येतो. म्हापसा, फोंडा, पणजीच्या पार्लरांत चालतात ते ‘स्मूदनिंग’ आणि ‘रिबॉन्डिंग’. पहिल्यात थोडी लहर राहते, दुसऱ्यात केस काडीसारखे सरळ होतात. स्मूदनिंग केलेलीला चवथीच्या तोंडावर ‘एकदम स्ट्रेट’ हवे असते, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो.

वळण खरेच उरले आहे का, हे केस ओले करून पाहावे. पावसाळी दमट हवेत सरळ केसही फुलतात, पण तो हायड्रोजन बंधांचा, म्हणजे पाण्याने सहज सुटणाऱ्या कच्च्या जोडांचा, तात्पुरता खेळ असतो. ओल्या केसातही लहर दिसली तर काम अर्धवट राहिलेले. लहर फक्त मुळाशी असेल तर ती नवी वाढ. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंमी वाढतात, आणि तेवढ्यासाठी मुळांचा टचअप पुरतो.

याहून मोठा प्रश्न आधी काय लावले होते हा. केसाचा आकार धरून ठेवणारे मुख्य बंध गंधकाचे असतात. थायोग्लायकोलेट (थोडक्यात ‘थायो’) हे रसायन ते बंध उघडते. मग इस्त्रीने केस सरळ करतात आणि शेवटी लावायचा न्यूट्रलायझर बंध नव्या जागी पुन्हा जोडतो. सोडियम किंवा ग्वानिडिन हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सर हे बंध कायमचे बदलून टाकतात. त्यांचा सामू (pH) १२ च्या वर, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असतात. ही दोन कुळे एका केसावर जमत नाहीत: थायोच्या केसावर हायड्रॉक्साइड लावले तर केस तुटून हातात येऊ शकतो. गोव्यातले रिबॉन्डिंग बहुतेक थायोचे, तर हायड्रॉक्साइड मुख्यतः आफ्रिकी वळणाच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी. आखातात किंवा लंडनला केस करून आलेलीने म्हणूनच डबा कुठला होता ते सांगावे. आठवत नसेल तर रसायन लावू नये. धातूचे क्षार असलेल्या काळ्या मेंदीचीही गोष्ट तीच.

कूळ तेच असले तरी आधी एक बट तपासतात. ओला केस ताणून सोडल्यावर पूर्ववत आला तर ठीक, रबरासारखा लांबतच गेला किंवा तुटला तर थांबावे. क्रीम आधी नव्या वाढीवर लावतात. जुन्या अर्धसरळ भागावर ती शेवटची थोडीच मिनिटे, तीही एकदाच. टोकांना कंडिशनरचा लेप देऊन ती राखतात. दोन वेळांत किमान ८ ते १२ आठवडे जाऊ द्यावेत. टाळूवर जखम असेल तर उपचार पुढे ढकलावा. हायड्रॉक्साइड लावायचे असल्यास दोन दिवस आधी डोके खाजवू-धुवू नये, आणि केसांच्या कडेला व कानांवर व्हॅसलीन लावावे. थायोपूर्वी मात्र केस स्वच्छ धुवावे लागतात. आदल्या रात्री खोबरेल चोपडण्याची घरोघरची सवय इथे आड येते, कारण तेलाच्या थराने क्रीम नीट मुरत नाही. केस अर्धसरळ राहण्याचे एक कारण हेही असू शकते.

सर्वांत निर्धोक वाट सावकाशीची: फक्त नवी वाढ पूर्ण सरळ करत जाणे आणि जुना भाग दर खेपेला थोडा कापणे. खांद्याखाली रुळणाऱ्या केसांना यात दोनेक वर्षे सहज जातात. इतके करून केस पुरते सरळ झाले की अबोलीची फाती (फुलांची वेणी) त्यावर ठरत नाही, घसरते, आणि दोन पिना जास्त लावाव्या लागतात.