ढोल हिसकावला, मग पाय बोलायला लागले : टॅप डान्सची पार्श्वभूमी

१७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत रस्त्याने निघाले आणि वाटेत माणसं जोडत गेले. उठाव चिरडला गेला पण मालक लोकांना कळून चुकलं की ढोल म्हणजे नुसतं गाणं-बजावणं नाही, ढोलावरून निरोप पण जातो. १७४० च्या कायद्यात गुलामांनी ढोल, शिंग असलं काही वाजवायचं नाही अशी बंदीच आली. मग काय, मांडीवर थापा, छातीवर थापा, टाळ्या आणि जमिनीवर पाय! याला जुबा म्हणायचे. टॅप म्हणजे बुटांच्या तळव्यांनी जमिनीवर ठोके देत करायचा नाच, त्याचा उगम फक्त या एका बंदीत आहे असं नाही, पण माझ्या मते या नाचाचा जीव तिथेच आहे.

दुसरी मुळं आयर्लंड-इंग्लंडची. आयरिश जिगमध्ये अंग ताठ, कमरेखाली सगळी धावपळ, आणि लँकेशरच्या गिरणी कामगारांचा लाकडी तळव्याच्या बुटांचा क्लॉग डान्स. आफ्रिकन नाचात उलट, गुडघे वाकलेले, अंग मोकळं आणि ठेका मुद्दाम आडवा टाकलेला. हे दोन्ही एकत्र आले ते न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या वस्तीत, गरीब आयरिश आणि स्वतंत्र झालेले काळे लोक एकाच गल्लीत, एकाच गुत्त्यात, मग नाचाच्या पैजा लागणारच ना. १८४२ मध्ये इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि एका काळ्या पोराचा नाच बघून थक्क झाला, तो पोरगा म्हणजे मास्टर जुबा, खरं नाव विल्यम हेन्री लेन, असं मानतात. त्याच्या आणि जॉन डायमंड या आयरिश-अमेरिकन नर्तकाच्या जुगलबंद्या तेव्हा गाजल्या होत्या. पुढे जुबाने लंडन पण गाजवलं, आणि तिशीही गाठायच्या आत गेला बिचारा.

याच काळात गोरे लोक तोंडाला काळं फासून मिन्स्ट्रल शो करायचे, काळ्यांचा नाच उचलायचा आणि त्यांचीच टिंगल करायची. हा नाच देशभर पोचला तो बऱ्याच अंशी या शोमधून, हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं, पण हे वगळून टॅपचा इतिहास सांगता येत नाही.

बुटांना धातूच्या पट्ट्या आल्या त्या नंतर, विसाव्या शतकात. बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन हा गाजलेला टॅप नर्तक तर बुटांच्या लाकडी तळव्यांवरच नाचायचा, चवड्यावर, अगदी हलका, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येणार, जिन्याच्या पायऱ्यांवरचा त्याचा नाच शोधून बघाच. मग जॉन बबल्स आला, त्याने लय अर्धी करून मध्ये जागा केली आणि टाचा खाली आणल्या. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर तोपर्यंत नुसता उजव्या हाताचा दायाँ वाजत होता, बबल्सने त्याला खर्जाचा डग्गा दिला, आणि जॅझशी खरी गट्टी जमली ती या टाचेमुळे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हूफर्स क्लब नावाची एक लहानशी खोली होती, तिथे हे टॅप नर्तक रात्र-रात्र एकमेकांना आव्हान द्यायचे. दुसऱ्याची स्टेप बघून उचलायला हरकत नाही, पण जशीच्या तशी करायची नाही, हा तिथला नियम.

१९५० नंतर टॅपला उतरती कळा लागली, पुढे ग्रेगरी हाइन्स आणि सॅव्हियन ग्लोव्हर या नर्तकांनी त्याला परत उभं केलं. रॉबिन्सनचा वाढदिवस, २५ मे, अमेरिकेत १९८९ पासून टॅप डान्स डे म्हणून साजरा होतो.

आणि आपल्याकडचा धागा म्हणजे कथ्थकचे पंडित चित्रेश दास आणि टॅपवाला जेसन सॅम्युएल्स स्मिथ, २००४ मध्ये भेटले आणि मग वर्षानुवर्षं एकत्र कार्यक्रम केले. एकाच्या अनवाणी पायात घुंगरू, दुसऱ्याच्या बुटाला धातू, आणि मध्ये चाललेले सवाल-जवाब. कथ्थकची तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, ज्याला कळते त्याला ते ऐकताना काहीच समजावून सांगावं लागत नाही, समेवर दोघंही बरोबर येतात.