‘तोंडाने बोल, मिळेल’ हे आलं कुठून: थोडी पार्श्वभूमी

“आजारी आहे असं बोलू नकोस, बरा झालोय असं बोल.” प्रार्थनासभेत हे कधीच ऐकलं नाही असा ख्रिस्ती विश्वासणारा सापडणं आता अवघड आहे. बायबलमधलं नीतिसूत्रे 18:21 (मरण आणि जीवन जिभेच्या हाती) आणि याकोबाच्या पत्रातलं जिभेबद्दलचं लगाम-सुकाणू-ठिणगी सगळ्यांना पाठ असतं, ते परत सांगत बसत नाही. जीभ सांभाळा इथून जिभेने घडवा इथपर्यंत गाडी कशी पोचली, प्रश्न तो आहे.

सुरुवातीच्या मंडळीत बोलण्याला वजन होतंच, पण कारण वेगळं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभं राहून ‘विश्वास ठेवतो’ म्हणायचं, आणि छळाच्या दिवसांत तेच अधिकाऱ्यासमोर म्हटलं तर जीव जायचा. रोम 10:9 मधली ‘मुखाने कबूल करशील’वाली कबुली या जातीची. ग्रीक क्रियापद होमोलोगेओ, म्हणजे शब्दशः ‘तेच बोलणं’. जे आधीच खरं आहे त्याला होकार द्यायचा, नवीन काही निर्माण करायचं नाही. पुढे मठांनी तर मौनालाच शिस्त केलं. मधली हजारेक वर्षं सोडतो.

कलाटणी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, अमेरिकेत. 1880 च्या दशकात विश्वासाने आरोग्य शिकवणारे म्हणायचे की प्रार्थना झाली ना, मग लक्षणं असोत नसोत, बरा झालो असं धरून चाला. त्याच सुमारास न्यू इंग्लंडकडे मनाच्या शक्तीने रोग घालवणाऱ्या चळवळीही जोरात होत्या. 1892 मध्ये बॉस्टनच्या एका वक्तृत्व कॉलेजात शिकलेल्या प्रचारकाने पुढे पुस्तकांतून मांडलं की जे मी कबूल करतो ते माझं होतं. तो 1948 मध्ये वारला, आणि ओक्लाहोमातल्या दुसऱ्या एकाने तेच रेडिओ, कॅसेटी आणि 1974 मध्ये काढलेल्या बायबल स्कूलमधून जगभर नेलं, काही उतारे तर जवळपास जसेच्या तसे. मूळ मनःशक्तीवाल्यांचं की आरोग्यवाल्यांचं यावर अभ्यासक अजून भांडतात, मला तरी दोन्हीचा वास येतो.

पण खरा घोळ घातला ‘रेमा’ या एका शब्दाने. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘वचन’ याला लोगोस आणि रेमा असे दोन शब्द येतात. शिकवण अशी की लोगोस म्हणजे सगळ्यांसाठी लिहून ठेवलेलं वचन, आणि रेमा म्हणजे आत्म्याने आत्ता, खास तुला दिलेला बोल, तो उच्चारला की सामर्थ्य सुटतं. ऐकायला भारी, पण नव्या करारात अशी भिंतच नाही. 1 पेत्र 1 मध्ये 23 व्या वचनात लोगोस आहे आणि 25 व्यात रेमा, विषय तोच. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘दाबार’ या एकाच हिब्रू शब्दाला कधी लोगोस येतो कधी रेमा. आणि गंमत म्हणजे ‘सजीव, सक्रिय’ वचन म्हणून ज्या इब्री 4:12 वर सगळे तुटून पडतात तिथे मुळात लोगोस आहे! दाबारचा अर्थ शब्दही होतो आणि वस्तू किंवा घटनाही, त्यावरून काहींनी ताणलं की बोललेला शब्दच वस्तू बनतो. अहो, मराठीत गोष्ट सांगतातही आणि गोष्ट घडतेही, म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट घडते का?

ही टीका काही बाहेरच्या नास्तिकांची नाही. 1980 मध्ये एका मोठ्या पेन्टेकॉस्टल संस्थेनेच अधिकृत निवेदन काढलं, त्यात लोगोस-रेमा हा फरक ग्रीकमध्ये टिकत नाही असं स्पष्ट म्हटलंय. संस्था अन्यभाषा (आत्म्याने अनोळखी भाषेत बोलणं) मानणारी, दैवी आरोग्य मानणारी, म्हणून त्याला जास्त वजन. बाजू घेणारे रोम 4:17 पुढे करतात, नसलेल्याला असल्यासारखं बोलावणं, पण त्या वाक्याचा कर्ता देव आहे, आपण नाही, आणि हे साधं व्याकरण आहे.

निवेदनाने फार काही थांबलं नाही. कॅसेटी जाऊन सॅटेलाइट चॅनेल आली, मग मोबाइल, आणि ‘कबुली’ शब्द मागे पडून ‘डिक्लेअर’ (ठामपणे जाहीर करणं) आला, कदाचित कबुली म्हटलं की गुन्ह्याचीच आठवते म्हणून. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही प्रचारकाने कॅमेऱ्यासमोर कोरोनावर फुंकर मारली, तो क्लिप सगळ्यांनी पाहिला, विषाणू काही गेला नाही. स्तोत्र 88 मात्र कोणी डिक्लेअर करताना मी अजून ऐकलं नाही, ते अंधारावरच संपतं.